दुचाकीच्या इंजिनावर चार चाकं

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची छोटी गाडी देशभरातल्या लोकांनी मोबाइलवर पाहिली. जुन्या जीपसारखा तोंडवळा, आकार लहान, आणि सुरू करायची ती किक मारून. भंगारातले भाग जोडत, सुमारे ६० हजार रुपयांत त्यांनी ती उभी केली होती. उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिचं कौतुक केलं. ही गाडी नियमांत बसत नाही आणि आज ना उद्या ती रस्त्यावर अडवली जाईल, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो लोहारांच्या दारात आली.

त्या बातमीत मला सगळ्यात मोलाची वाटली ती किक, कारण ती मोटरसायकलच्या इंजिनाबरोबरच येते. मोटरसायकलचं इंजिन ही एकसंध वस्तू आहे. क्लच, गिअरबॉक्स, किक, मॅग्नेटो, सगळं एकाच केसिंगमध्ये असतं. चार बोल्ट सोडले की ते फ्रेममधून बाहेर येतं आणि दोन माणसं ते सहज उचलतात. पेट्रोल, ठिणगी आणि हवा दिली की जमिनीवर ठेवलेल्या अँगलच्या चौकटीतसुद्धा ते सुरू होतं. उमरखेडसारख्या तालुक्याच्या गावातल्या कुठल्याही दुचाकी मेकॅनिकला त्याचे आवाज ओळखता येतात आणि सुटे भाग गावातच मिळतात. छोटी जुन्या घाटाची मोटार बनवायचं मनात असलेल्या माणसाला याहून चांगली सुरुवात नाही.

अडचण पुढे येते. मोटरसायकलच्या इंजिनाबरोबर जे येत नाही ते आपल्याला बनवावं लागतं. त्याला रिव्हर्स गिअर नसतो. ते एकच चाक फिरवतं, आपल्याला दोन फिरवायची असतात. त्याला थंड करायला समोरचा वारा लागतो आणि आपण तर ते पत्र्याच्या पोटात कोंडतो. अडीच-पावणेतीनशे किलोंचा भार ओढण्यासाठी त्याची आखणी झालेली असते, आणि आपण त्यावर किती लादणार हे वेल्डिंग सुरू झाल्यावर विसरून जातो. गाडी चालते की पडून राहते, हे याच चार गोष्टी ठरवतात. म्हणून हा लेख इंजिनापेक्षा त्यांच्याबद्दल जास्त आहे.

हे सगळे प्रश्न जगात आधी सोडवले गेले आहेत. इंग्लंडमधल्या माल्व्हर्न इथे मॉर्गन यांनी १९०९ मध्ये दोन सिलिंडरचं इंजिन बसवून तीनचाकी बनवली, आणि पुढची कित्येक वर्षं त्यांच्या तीनचाकी गाड्या मोटरसायकलच्या इंजिनांवर धावल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात पेट्रोल महाग आणि खिसे रिकामे होते. तेव्हा बीएमडब्ल्यूने इटलीच्या इसो कंपनीकडून इझेटा या गाडीचे हक्क घेतले, तिच्यात आपल्याच मोटरसायकलचं २४७ सीसीचं एक सिलिंडरचं इंजिन घातलं आणि १९५५ पासून एक लाख साठ हजारांहून अधिक इझेटा बनवल्या. वजन साधारण साडेतीनशे किलो, ताकद १२ अश्वशक्ती, वेग ताशी ८५ किलोमीटर.

आपल्याकडे इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वातंत्र्याच्या आसपासच्या काळापासून ‘मीरा’ नावाची छोटी मोटार घडवायला घेतली आणि १९७० च्या दशकापर्यंत एकामागून एक नमुने सुधारत नेले. इंजिन मागच्या बाजूला, चाकांना पाट्यांऐवजी रबराचं सस्पेन्शन, आणि किंमत बारा हजारांच्या आसपास ठेवायचा मनसुबा. उत्पादनाचा परवाना मिळाला नाही आणि मीरा नमुन्यांपुरतीच राहिली. महाराष्ट्रातल्या कारागिरीच्या इतिहासात या माणसाला मिळाली त्यापेक्षा कितीतरी मोठी जागा मिळायला हवी होती, असं मला मनापासून वाटतं. आणि अगदी अलीकडचं उदाहरण म्हणजे वाळूजच्या कारखान्यात तयार होणारी बजाज क्यूट. तिच्यात २१६ सीसीचं, एकाच सिलिंडरचं, मागे बसवलेलं इंजिन आहे आणि वेग ताशी ७० वर थांबतो. मोटरसायकली बनवण्यात आयुष्य गेलेल्या कंपनीनेही या गाडीसाठी पाण्याने थंड होणारं इंजिन निवडलं. असं का केलं असेल, ते पुढे येईलच.

आधी वजन. ४० बाय ४० मिलिमीटरचा, ३ मिलिमीटर जाडीचा चौकोनी लोखंडी पाइप मीटरला सुमारे साडेतीन किलो भरतो. चासीला असा वीस मीटर पाइप लागला की झाले सत्तर किलो. २५ बाय २५ चा, २ मिलिमीटर जाडीचा पाइप मीटरला दीड किलोच्याही आत असतो. फॅब्रिकेशनवाला सवयीने जाड पाइप पुढे करतो, कारण त्याचा हात गेट आणि शेडवर बसलेला असतो आणि तिथे जास्त लोखंड म्हणजे जास्त भरवसा. गाडीत ताकद पाइपच्या जाडीपेक्षा मांडणीतून येते. चौकोनी चौकट कोपऱ्यांवर मुरडते, पण तिच्यात एक तिरपी पट्टी टाकून तिचे दोन त्रिकोण केले की मुरडत नाही. म्हणून इंजिन, सस्पेन्शन आणि स्टिअरिंग जिथे चासीला जोडले जातात तेवढ्याच जागी जाड पाइप घ्यावा आणि बाकी सगळीकडे बारीक पाइप त्रिकोणांत बांधावा.

पत्र्याचंही तसंच. १ मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला पावणेआठ किलोंच्या वर जातो, ०.८ मिलिमीटरचा सव्वासहा किलो. जुन्या मोटारींसारखे गोलाकार मडगार्ड, लांब बोनेट, मागची पेटी, असा आठ चौरस मीटर पत्रा धरला तर एवढ्या फरकानेच बारा-तेरा किलो वाचतात. शिवाय पातळ पत्रा हातोडीखाली वळतो चांगला. दरवाजे काढून टाकले तर आणखी वाचतात. जुन्या काळच्या कित्येक लहान गाड्यांना दरवाजे नव्हते, त्यामुळे रूपातही काही बिघडत नाही.

दोन माणसं धरून सगळी गाडी ४०० किलोंच्या आत राहिली पाहिजे, ही माझ्या मते या कामातली सगळ्यात महत्त्वाची अट. ती का, हे हिशेबाने पाहू. सपाट रस्त्यावर ताशी ५० च्या वेगाने अशी गाडी ढकलायला चाकांशी तीन-साडेतीन अश्वशक्ती लागते, ७० ला सुमारे सात. म्हणजे आठ अश्वशक्तीचं १०० सीसीचं इंजिनसुद्धा सपाटीवर ती ओढेल, आणि चौदा अश्वशक्तीच्या दीडशे सीसीला तर त्रासच नाही. पण दहा मीटरला एक मीटर असा चढ घ्या. ताशी २५ च्या वेगाने तो चढायला ४०० किलोंच्या गाडीला साडेचार अश्वशक्ती लागते, ६०० किलोंच्या गाडीला साडेसहाच्या वर. इंजिन तेवढी ताकद देईलही, पण २५ च्या वेगाला अंगावर वारा नसतो आणि तापलेलं इंजिन नेमकं इथेच जाम होतं. पुसदकडच्या चढांवर जायचं मनात असेल तर हा हिशेब आधी मांडा, इंजिन नंतर घ्या.

इंजिन कुठलं, हा प्रश्न सगळे पहिल्यांदा विचारतात, पण त्याचं उत्तर थोडक्यातच आहे. १०० सीसीचं शेतातल्या शेतात फिरायला पुरतं. दीडशे ते दोनशे सीसीचं सगळ्यात सोयीचं, भाग स्वस्त आणि भरपूर. ३४६ सीसीच्या जुन्या बुलेटचं इंजिन कमी फेऱ्यांवर जोर देतं, त्यामुळे जड गाडीला ते उत्तम, फक्त त्याचा थरथराट चासीला सोसवला पाहिजे आणि त्याची किंमतही आता शौकिनांनी वाढवून ठेवली आहे. इंजिन कुठलंही घ्या, ते कागदपत्रांसह घ्या. भंगारातून आलेल्या इंजिनाचा नंबर कुणाच्या चोरीला गेलेल्या गाडीचा निघाला तर सगळी मेहनत पोलीस ठाण्याच्या आवारात गंजत पडेल.

आता गिअरचा हिशेब. यात एक सुखद योगायोग आहे. मोटरसायकलचं चाक टायरसकट सुमारे ६० सेंटीमीटर व्यासाचं असतं, एका फेऱ्यात ते १.९ मीटर जातं. रिक्षाचं आठ इंची रिमचं चाक एका फेऱ्यात १.३ मीटर. मोटरसायकल दोन माणसांसह साधारण २७० किलो, आपली गाडी ४०० किलो. वजन दीडपट झालं, आणि चाक लहान झाल्यामुळे ओढही जवळपास दीडपट वाढली. म्हणून मूळ स्प्रॉकेट तसेच ठेवले तरी इंजिनाला भार जवळजवळ ओळखीचाच वाटतो, मात्र वेग तेवढ्याच पटीने कमी होतो. समजा इंजिनाच्या आतली पहिली घट ३.४, वरच्या गिअरची ०.९५, आणि साखळीचे दात पुढे १५, मागे ४४. तिन्हींचा गुणाकार सुमारे साडेनऊ. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल तर चाक ६३३ घेईल. मोटरसायकलच्या चाकावर याचा अर्थ ताशी ७२ किलोमीटर, रिक्षाच्या चाकावर ताशी ५०. आपल्या इंजिनाचे आकडे माहितीपुस्तकात मिळतात. हे गणित कागदावर करून मगच मागचं स्प्रॉकेट कापायला लेथवाल्याकडे जावं.

आता मागच्या चाकांकडे वळू. दोन्ही चाकं एकाच सळईवर घट्ट बसवली तर वळणात ती भांडतात. चाकांमधलं अंतर १.१ मीटर असेल तर गाडी पूर्ण गोल फिरली की बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळपास सात मीटर जास्त चालतं. गोल लहान घ्या की मोठा, हा फरक बदलत नाही. साध्या काटकोनी वळणात तो पावणेदोन मीटर होतो. मातीवर एक चाक घसरून हा फरक पचवतं. डांबरावर टायर खरवडत जातं, ॲक्सलला पीळ पडतो आणि गाडी वळायचं सोडून सरळ जायला बघते.

यावर वाटा तीन. पहिली, एकच चाक ओढायला लावायचं आणि दुसरं बेअरिंगवर मोकळं सोडायचं. स्वस्त आणि साधं, पण चिखलात ते एक चाक फिरलं की गाडी जागची हलत नाही, आणि उमरखेडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात हे रोजचं होईल. दुसरी वाट इझेटाने घेतली. तिची मागची दोन चाकं इतकी जवळ होती, जेमतेम ५२ सेंटीमीटरवर, की वळणातला फरक टायरनेच सोसला आणि डिफरेन्शियलची गरज उरली नाही. तिसरी वाट म्हणजे खरंखुरं डिफरेन्शियल. ते रिक्षाच्या भंगारात मिळतं आणि माझं मत ठामपणे त्याच्या बाजूने आहे. हल्ली ई-रिक्षाचा मागचा ॲक्सल डिफरेन्शियलसह तयार मिळतो, तो पाहून मोह होतो, पण सावध राहावं. त्याच्या आतली घट विजेच्या मोटरीसाठी बरीच मोठी ठेवलेली असते. दहास एक अशी घट मोटरसायकलच्या गिअरबॉक्सला जोडली तर वरच्या गिअरमध्ये इंजिन ६००० फेऱ्यांवर किंचाळत असताना गाडी ताशी चौदा-पंधरानेच जाईल.

साखळी आणि सस्पेन्शन यांचं नातंही इथेच समजून घ्यावं. चाक खड्ड्यात खाली-वर होतं तसं ॲक्सल आणि इंजिन यांच्यातलं अंतर बदलतं, आणि साखळी एकदा ताणते, एकदा सैल पडते. उपाय दोन आहेत. इंजिन आणि ॲक्सल एकाच छोट्या चौकटीवर घट्ट बांधायचे आणि ती सगळी चौकट चासीला रबराच्या बुशांवर टांगायची. म्हणजे खड्ड्यात दोघं मिळून हलतात, आणि एका सिलिंडरचा थरथराटही रबरात बराच विरतो. दुसरा उपाय जास्त नेटका. ज्या सांध्यावर मागचा ॲक्सल वर-खाली होतो त्या सांध्याच्याच रेषेत एक मधला शाफ्ट बसवायचा, इंजिनाकडून त्यावर एक साखळी आणि त्यावरून ॲक्सलकडे दुसरी. दुसऱ्या साखळीची लांबी मग बदलत नाही. इझेटात तर ही साखळी बंद पेटीत तेलात बुडून फिरायची. आपल्याकडच्या धुळीचा विचार केला तर निदान पातळ पत्र्याची बंद पेटी साखळीभोवती करावीच. एवढ्या एका पेटीने साखळीचं आयुष्य कितीतरी वाढतं.

रिव्हर्सबाबत एक मजेशीर गोष्ट. जर्मनीतल्या मेसरश्मिट केआर २०० या तीनचाकीत इंजिन टू-स्ट्रोक होतं. चालकाने इंजिन बंद करून उलट्या दिशेने सुरू केलं की सगळेच गिअर मागे जायला मिळत. आपली आजची फोर-स्ट्रोक इंजिनं अशी उलटी चालत नाहीत, कारण त्यांचे व्हॉल्व्ह ठरावीक क्रमानेच उघडतात. मग एक तर तीनचाकी मालवाहू गाड्यांना लागणारी वेगळी रिव्हर्सची पेटी साखळीच्या मार्गात बसवायची, नाही तर ॲक्सलला विजेची छोटी मोटर लावून गाडी हळू मागे ओढायची. होंडाच्या गोल्ड विंग या अवजड मोटरसायकलीच्या काही नमुन्यांत स्टार्टरच्या मोटरीनेच रिव्हर्सचं काम केलं जातं. इतकी हलकी गाडी उतरून हाताने मागे ढकलता येते हे खरं. पण चिखलात, एकटे असताना ते जमेल या भरवशावर राहू नये.

इथे एक प्रामाणिक सल्ला द्यायला हवा. रिक्षाच्या मागच्या इंजिनात रिव्हर्स, डिफरेन्शियल आणि थंड करणारा पंखा तिन्ही एकत्र येतात. ज्याला गाडी वापरायचीच आहे त्याने तेच घ्यावं. ज्याला शिकायचं आहे, हातांनी एकेक प्रश्न सोडवायचा आहे, त्याने मोटरसायकलचं घ्यावं. दोन्ही इच्छा चांगल्या आहेत, फक्त आपली कुठली हे आधी ठरवावं.

आता उष्णता. मे महिन्यात उमरखेडला पारा ४३-४४ च्या पुढे जातो आणि डांबर त्याहून तापतं. मोटरसायकलीत सिलिंडरच्या पात्या उघड्या वाऱ्यात असतात. गाडीत तेच इंजिन सीटमागे पत्र्यात बंद झालं की त्याच्याभोवतीची हवा कोंडते, तेल पातळ होतं, पिस्टन फुगतो आणि बोअरला घासू लागतो. नुसता पंखा समोर लावून काम होत नाही, कारण हवा नेहमी सोपी वाट शोधते आणि पात्यांना वळसा घालून निघून जाते. बजाजच्या जुन्या स्कूटरचं इंजिन उघडून पाहा. फ्लायव्हीलवर पंखा आहे आणि सिलिंडरभोवती पत्र्याचं घट्ट आवरण आहे, त्यामुळे पंख्याची सगळी हवा पात्यांच्या फटींतूनच जाते. आपणही तसंच आवरण बनवायचं. पात्यांपासून बोटभर अंतर, एका बाजूने थंड हवा आत, दुसऱ्या बाजूने गरम हवा गाडीच्या बाहेर. गरम हवा पुन्हा आत खेचली जात नाही ना, हे उदबत्तीच्या धुराने तपासता येतं, मात्र पेट्रोलची टाकी दूर ठेवूनच. पंखा विजेवर चालवायचा असेल तर मोटरसायकलचा मॅग्नेटो किती वीज देतो ते आधी पाहावं. दिवे आणि पंखा एकदम लागले की बॅटरी हळूहळू उतरत जाते. हे सगळं नको असेल तर पाण्याने थंड होणारं इंजिन घ्यावं आणि रेडिएटर नाकाशी बसवावा. क्यूटने पाण्याचा रस्ता का धरला, ते इथे कळतं.

स्टिअरिंगमध्ये दोन गोष्टींवर तडजोड नको. पहिली भूमिती. चाकांतलं अंतर १.१ मीटर, पुढच्या-मागच्या ॲक्सलमधलं १.८ मीटर आणि वळणाची त्रिज्या ५ मीटर असेल तर आतलं चाक २२ अंश वळायला हवं आणि बाहेरचं १८. दोन्ही सारखीच वळली तर एक घासत जाईल. हा फरक आपोआप मिळतो, जर स्टिअरिंगच्या दोन्ही दांड्या अशा तिरक्या ठेवल्या की त्यांच्या रेषा मागे वाढवल्यावर मागच्या ॲक्सलच्या मध्यावर येऊन मिळतील. ॲकरमन यांच्या नावाने १८१८ पासून ओळखली जाणारी ही युक्ती घोड्यांच्या बग्ग्यांसाठी होती. जमिनीवर खडूने रेघा मारून, दोरी ताणून ती नेमकी जुळवता येते. दुसरी गोष्ट, स्टिअरिंगच्या कुठल्याही भागावर वेल्डिंग करू नये. मारुती ८०० चं रॅक रुंद पडतं म्हणून त्याचा दांडा कापून जोडण्याकडे कल असतो. तो जोड वर्षभर टिकेल आणि एखाद्या दिवशी पुलाच्या कठड्याशी सुटेल. आटे पाडलेला टाय-रॉड योग्य लांबीचा मिळवावा, त्यासाठी नांदेडपर्यंत जावं लागलं तरी जावं.

ब्रेकच्या बाबतीत फार बोलायचं नाही, पण ४०० किलो वजन ताशी ५० वर असताना त्याच्यात मोटरसायकलीच्या दीडपट ऊर्जा असते, आणि ती सगळी ब्रेकनी उष्णता करून टाकायची असते. म्हणून चारही चाकांना ड्रम हवेत, दाब तेलाचा हवा, आणि पुढच्या-मागच्या नळ्या वेगळ्या हव्यात, म्हणजे एक फुटली तरी दुसरी उरते. हँडब्रेक केबलचा, स्वतंत्र. पहिली चाचणी इंजिन बंद ठेवून उतारावर घ्यावी.

गिअरची दांडी जोडणं तसं सोपं. पायाने दाबायच्या लिव्हरला एक सळई लावून ती हातापर्यंत आणायची, पुढे ढकलली की एक गिअर, मागे ओढली की दुसरा. बहुतेक मोटरसायकलींत न्यूट्रल पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये असतो, तो हाताला सापडेपर्यंत थोडा सराव लागतो, तेव्हा न्यूट्रलचा हिरवा दिवा डॅशबोर्डवर जरूर घ्यावा. क्लचची केबल पायाच्या पेडलला जोडताना पेडल ठरावीक जागी अडेल असा एक थांबा लावावा. हाताच्या बोटांसाठी केलेली केबल पायाच्या जोराने तुटते.

कायदा मधेच सांगतो, कारण शेवटी सांगितला की कुणी वाचत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ नुसार नोंदणीशिवाय गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. नोंदणीसाठी गाडीच्या नमुन्याची तपासणी पुण्याची एआरएआय, अहिल्यानगरची व्हीआरडीई अशा मान्यताप्राप्त संस्थांकडून होते, आणि तो खर्च एकट्या माणसाच्या आवाक्यातला नाही. नोंदणी झालेल्या गाडीत मूळ रचना बदलायलाही कलम ५२ आड येतं. घरात आजोबांची जुनी फियाट असेल तर तिच्यात मोटरसायकलचं इंजिन घालायचा विचारही करू नये. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांना २०२१ च्या नियमांनी व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, इंजिन बदललं की तो हक्क जातो. म्हणून ही गाडी आपल्या शेतात, कारखान्याच्या आवारात, कॉलेजच्या मैदानात चालवायची. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना तर याच कामाची स्पर्धा आहे. फॉर्म्युला भारतमध्ये मुलं स्वतः चासी बनवतात, आणि त्यांतल्या अनेक गाड्यांत केटीएमच्या मोटरसायकलीचं ३७३ सीसीचं इंजिन असतं. तालुक्यातलं मूल पुण्या-मुंबईच्या कॉलेजात जाण्याआधी असं काही हाताने करून गेलं तर ते तिथे मागे पडणार नाही.

राहता राहिली देखभाल. नव्या गाडीतले सगळे नट-बोल्ट पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा आवळावेत, कारण रंगाचा थर दबतो आणि बोल्ट सैल पडतात. प्रत्येक बोल्टवर रंगाची एक रेघ ओढून ठेवली की तो फिरला की नाही ते नजरेलाच कळतं. वेल्डिंगच्या जोडांजवळ केसासारखी भेग दिसते का, ते दर महिन्याला फडक्याने पुसून पाहावं. भेग दिसली तर त्यावर नुसतं वेल्डिंग पुन्हा ओढू नये, तिथे जोर का येतो ते शोधून आधाराची पट्टी द्यावी.

बहुतेक मोटरसायकलींत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात चालतात, आणि ते तेल असतं जेमतेम लिटरभर. मोटारीचं तेल त्यात घालू नये. काही मोटारींच्या तेलांत घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात आणि तेलात बुडालेला क्लच त्याने घसरू लागतो. डब्यावर ‘जासो एमए’ असा उल्लेख पाहूनच घ्यावं. आपली गाडी दीडपट भार ओढते, तेव्हा मोटरसायकलीला सांगितलेल्या अंतराच्या निम्म्यावर तेल बदलावं. मे महिन्यात तर त्याहून लवकर. टॅपेटची फट इंजिन थंड असताना, सकाळी तपासावी.

सोयाबीनची मळणी सुरू झाली की हवेत भुसा आणि धूळ असते, कापसाच्या दिवसांत तंतू. हवेचा फिल्टर तेव्हा दर आठवड्याला काढून झटकावा, आणि थंड करणाऱ्या आवरणाच्या आत पात्यांत अडकलेला कचरा ब्रशने काढावा. तो वरून दिसत नाही, म्हणून आवरणाला चार बोल्टांनी उघडणारं झाकण बनवतानाच ठेवावं. पैनगंगेच्या काठच्या शेतांतून पावसाळ्यात गाडी आणली की काळी माती किंगपिन आणि बेअरिंगच्या सांध्यांत बसते आणि वाळल्यावर दगडासारखी होते. ती ओली असतानाच पाण्याने धुवावी आणि लगेच ग्रीस भरावं, जुनं मळकट ग्रीस बाहेर पडेपर्यंत. ब्रेकचे ड्रमही तेव्हाच उघडावेत.

साखळी मध्यावर बोटाने दाबली तर अडीच-तीन सेंटीमीटर हलली पाहिजे. याहून घट्ट असेल तर गिअरबॉक्सचं बेअरिंग जातं, सैल असेल तर ती दातांवरून उडी मारते. ताण सगळीकडे सारखा नसतो, म्हणून चाक फिरवत तीन-चार जागी पाहावा. आणि साखळी बदलायची वेळ आली की पुढचं व मागचं स्प्रॉकेट तिच्याबरोबरच बदलावं. झिजलेल्या दातांवर नवी साखळी घातली तर ती एका मोसमात जुनीइतकीच ताणलेली सापडेल.